दोन गाड्या बदलून युरोप

युरोपातलं जुनं गाव बघायची एक ठरलेली रीत असते आणि ती आता आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्याही चांगली अंगवळणी पडली आहे. तटाच्या दरवाजातून आत शिरायचं, फरसबंदी गल्ल्यांतून टाचा दुखेपर्यंत हिंडायचं, चौकात थांबून नगरसभेच्या इमारतीवरचं घड्याळ बघायचं, मोठ्या चर्चमध्ये जाऊन मान अवघडेपर्यंत छताकडे बघायचं आणि बाहेर आल्यावर तिथल्या मिठाईची किंमत रुपयांत काढून हळहळायचं. जर्मनीत रोथेनबुर्ग नावाचं असंच एक गाव आहे. मध्ययुगातला तट अजून उभा आहे आणि त्यावरच्या छपराखालून चालत गावाला फेरी मारता येते. मुलीकडे गेलो होतो तेव्हा आम्ही उभयतांनी हे सगळं यथासांग केलं. गाव सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही.

गोवंडीला परतल्यावर शेजाऱ्यांना फोटो दाखवण्याचा कार्यक्रम झाला. शेजारच्या मावशींनी चहाचा कप बाजूला ठेवून तटाचा फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, “हे आमच्या किल्ल्यासारखंच आहे की, दादा. ह्यांनी छप्पर घातलंय, एवढंच.”

मावशींचं माहेर वसईचं, नंदाखालच्या बाजूचं. त्यांची आई शेवटपर्यंत लाल लुगडं नेसायची आणि घरात कादोडी बोलायची. मावशी लग्न होऊन गोवंडीला आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. पण ‘आमचा किल्ला’ म्हणताना त्यातला ‘आमचा’ काही झिजलेला नाही. पुढच्याच रविवारी त्यांना पुढे घालून आम्ही निघालो.

गोवंडीहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, दादरला पूल चढून-उतरून विरार गाडी. रविवार असल्यामुळे विरार गाडीत शिरता आलं आणि शिरल्यावर बसताही आलं, याची नोंद करून ठेवतो. भाईंदर सुटलं की खाडीचा पूल लागतो. मधे पाणजू बेट, दोन्ही अंगांना पाणी. आपण मुंबई ओलांडली असं इथे खरोखर वाटतं, आणि एका अर्थी आपण जुन्या राजधानीच्या हद्दीत येतो. कारण आज ज्यांना आपण उपनगरं म्हणतो, त्या साष्टीच्या मुलखाचा कारभार दोन शतकं वसईहून चालत होता. १६६१च्या लग्नकरारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण गेलं, १६६५ साली इंग्रजांना त्याचा ताबाही मिळाला. पण साष्टी पोर्तुगीजांनी हातची सोडली नाही. दक्षिणेकडे चौलपासून उत्तरेकडे दमणपर्यंतच्या त्यांच्या मुलखाला ‘उत्तरेचा दरबार’ म्हणत आणि तो दरबार वसईला भरे. आज वसईकर सकाळच्या गाडीने फुलांच्या पाट्या घेऊन दादरला येतो. तेव्हा साष्टीतल्या गावांचा वसूल उलट दिशेने वसईला जात होता.

वसई रोड स्टेशनपासून किल्ला बराच लांब आहे. बस किंवा रिक्षा घ्यायची. पारनाका, झेंडा बाजार मागे टाकत रस्ता सरळ तटाच्या आत शिरतो. आणि इथेच बहुतेक सहलींचा घोटाळा होतो. आपल्याला किल्ला म्हटलं की रायगड-राजगड आठवतात. डोळे चढण शोधू लागतात, बुरुज मोजू लागतात. वसईला चढण नाही. शंभर एकरांहून मोठ्या सपाट जागेभोवती तट आहे आणि आत जे आहे ते अख्खं शहर आहे. तिथे देऊळवाडा नि अंबरखाना शोधू नये. रोथेनबुर्गमध्ये जे शोधतो तेच शोधावं: वेस, हमरस्ता, चौक, मोठं चर्च, नगरसभा, इस्पितळ, मठ, विहिरी, श्रीमंतांची घरं. ते सगळं तिथे आहे. फक्त मावशी म्हणतात तसं छप्पर नाही.

इतिहासकार या ठिकाणी बोट उचलतील की वसई मध्ययुगीन नव्हे. बरोबर आहे. गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याला वसई दिली ती २३ डिसेंबर १५३४ रोजी, एका गलबतावर झालेल्या तहाने. तोवर युरोपात मध्ययुग मावळलं होतं. पण माणसं परमुलखात घर बांधतात तेव्हा आठवणीतलं गाव बांधतात. तटाने आवळलेलं शहर, भूमीकडे एक दरवाजा नि पाण्याकडे एक, बुरुजांना संतांची नावं, मधोमध चर्च आणि मठांच्या हातात निम्मी जमीन, हा साचा पोर्तुगालातल्या जुन्या गावांचाच होता. त्यांनी तो घडी करून बरोबर आणला आणि आपल्या काळ्या दगडात उलगडला.

आम्ही पाण्याकडच्या दरवाजापासून सुरुवात केली, कारण शहराचे मालक तिकडूनच येत. एकामागे एक असे दोन दरवाजे, मधे वळण, म्हणजे शत्रूला सरळ धडक मारता येऊ नये. लाकडी फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत. आत शिरलं की जवळच सेंट जोसेफचं चर्च, म्हणजे गावाचं मुख्य चर्च. मूळ बांधकाम १५४६च्या सुमाराचं. दर्शनी भागावरच्या शिलालेखात १६०१ साल आणि गोव्याच्या आर्चबिशपचं, आलेश द मेनेझिसचं, नाव आहे, ते त्याच्या पुनर्बांधणीचं. मनोऱ्यात गोल जिना आहे. आत उभं राहिलं की लांबच लांब भिंती आणि वर निळं आभाळ. ज्या ठिकाणी रोथेनबुर्गमध्ये मी लाकडी वेदीवरचं कोरीवकाम बघत होतो, त्या ठिकाणी इथे पोपट बसले होते.

इथून जुन्या हमरस्त्याने चालत निघालं की दोन्ही बाजूंना भिंतींचे अवशेष लागतात. खिडक्यांच्या रिकाम्या चौकटी, जिन्याच्या चार पायऱ्या, एखादी विहीर. १६७५मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर वसईला येऊन गेला. दुमजली टोलेजंग घरं, झाकलेले सज्जे आणि मोठाल्या खिडक्या त्याने लिहून ठेवल्या आहेत. त्या खिडक्यांना काचेऐवजी कालवाच्या शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असत. गोव्यातल्या जुन्या घरांत अशा खिडक्या अजून दिसतात. दुपारचं ऊन त्यातून दुधासारखं होऊन आत येतं. हे एकदा ध्यानात घेतलं की वसईतली ती रिकामी चौकट रिकामी राहत नाही. आत बसून घामाघूम झालेला, लिस्बनच्या थंडीची आठवण काढणारा कोणी उमराव दिसू लागतो. निदान मला दिसला. बायकोला तिथे एक चांगला पिंपळ दिसला आणि त्याच्या मुळ्या भिंत कशा फोडताहेत ते दिसलं. तिचं निरीक्षण अधिक महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येतो.

वसईचा दगड तेव्हा नावाजलेला होता. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. तिच्या दर्शनी भागातला काळा दगड वसईहून गलबतांनी नेलेला आहे. गोव्याचा जांभा कोरीवकामाला तेवढा धार्जिणा नाही. म्हणून इतक्या लांबून दगड. आपण गोव्याला जाऊन ज्या दर्शनी भागाचे फोटो काढतो तो मूळचा वसईकर आहे, हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या. त्यांना ते ठाऊक होतं.

हे वैभव एका दिवसात मातीत गेलं असं समजायचं कारण नाही. १६१८च्या वादळाने इथल्या मोठमोठ्या इमारतींची छपरं उडवली होती. १६९५मध्ये जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी आला तेव्हा शहराचा एक भाग रोगराईने ओस पडलेला होता. साम्राज्याचा जीव तोपर्यंत ब्राझीलकडे सरकला होता आणि वसई म्हाताऱ्या जमीनदाराच्या वाड्यासारखी नावापुरती उरली होती. मराठ्यांनी लढून घेतली ती ही वसई. तट मात्र अजून भक्कम होता, आणि तटाने फार माणसं खाल्ली.

चिमाजीआप्पांची मोहीम आपल्याला पाठ असते. १७३७मध्ये ठाणं आणि साष्टी घेतली, मग वसईला वेढा. तिन्ही बाजूंना पाणी नि दलदल, चौथ्या बाजूला उत्तरेची वाळूची पट्टी. हल्ला करायचा तर तिथूनच. सुरुंग पेरायचे, बुरूज उडवायचा, खिंडारात शिरायचं, पुन्हा मागे यायचं. गड मिळत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधून आत उडवा असं आप्पा म्हणाल्याची आख्यायिका आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. मे १७३९मध्ये सेबास्तियन बुरूज फुटला आणि वसई पडली. त्यानंतरचं मात्र कमी सांगितलं जातं, ते तहाचं कलम: शिबंदीने शस्त्रं, निशाणं, वाद्यं घेऊन मानाने निघून जावं, घरच्यांना नि चीजवस्तूंना हात लागणार नाही, जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळायला मोकळीक. ज्या राजवटीने याच मुलखात देवळं पाडली आणि लोकांवर धर्माची सक्ती केली, तिच्याशी हा तह झाला हे लक्षात घेतलं म्हणजे त्याची किंमत कळते.

आप्पांच्या पुतळ्यापाशी आम्ही थांबलो. मावशींना काय वाटत असेल असा एक अवघडलेपणा आमच्या बाजूला होता. त्या सहज म्हणाल्या, “शाळेत आम्हाला निबंध होता, वसईचा विजय. माझा पहिला नंबर आला होता. शेवटी मी लिहिलं होतं, आप्पांनी बायकामुलांना सुखरूप जाऊ दिलं. बाईंनी तेवढंच वर्गात वाचून दाखवलं.”

विजयानंतर शहराचं काय झालं, हा प्रश्न आपल्या निबंधात नसतो. मराठ्यांनी आत देऊळ उभं केलं, काही काळ वस्तीही राहिली. पण घरं बांधणारे गेले होते आणि नव्यांना या साच्याचं शहर नको होतं. १७८०मध्ये इंग्रज जनरल गॉडर्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने जो तह करून मराठी राज्य इंग्रजांच्या दावणीला बांधलं तो याच वसईच्या नावाने ओळखला जातो. जिथे आपण जिंकलो, तिथेच त्रेसष्ट वर्षांनी हरलो. दुसऱ्या घटनेचा पुतळा अर्थातच कुठे नाही.

मोडलेल्या शहराचे तुकडे चारी दिशांना गेले. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून सरदारांनी नेल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे, ती वसईची. तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्याखालच्या घाटावर एक आहे आणि तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. महादेवाच्या दारात मेरीमाता टांगलेली आहे आणि इतकी वर्षं गावाला त्यात वावगं वाटलेलं नाही, हे मला फार आवडतं.

आणि शब्द. ते काही सगळे वसईहूनच आले असं नाही. गोवा, चौल, दमण सगळीकडून आले. पण सकाळी उठून आपण चावी फिरवून दार उघडतो, पाव आणतो, नाक्यावरचा गवंडी घमेलं उचलतो, महिनाअखेरीला पगाराची वाट बघतो. चावी, पाव, घमेलं, पगार, सगळे पोर्तुगीज. बटाटा आणि पाव दोन्ही त्यांचेच म्हटल्यावर गोवंडी स्टेशनबाहेरच्या वडापावात आपलं किती उरतं, याचा हिशेब मी मुद्दाम करत नाही. मिरचीही त्यांनीच आणली.

जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग या सगळ्या अवशेषांत सर्वांत देखणा. दाराच्या दोन्ही बाजूंना पन्हळी खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी. इथे जेझुइटांच्या हाताखाली शिकलेला एक वसईचा मुलगा जपानला गेला. पुढे व्यापार केला, मग मनिलामध्ये फ्रान्सिस्कन पंथात शिरला, जपानी भाषा येत असल्याने दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस जणांसोबत क्रुसावर मारला गेला. १८६२मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. गोन्सालो गार्सिया हा भारतात जन्मलेला पहिला संत. त्याच्या सणाला वसईचे ख्रिस्ती लोक इथे अजून जमतात. मावशी लहानपणी बैलगाडीतून यायच्या. पोळ्या-भाकऱ्या बांधून, पहाटे निघून. शहर मेलेलं आहे असं आपण म्हणतो, त्यांच्या लेखी ते वर्षातून एकदा उठून बसतं.

हे लोक मराठी आहेत, हे गोवंडीत मला अजून काही जणांना समजावून सांगावं लागतं. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच वसईचे. मराठीवर आणि वसईच्या हिरव्या वाड्यांवर त्यांनी सारख्याच पोटतिडकीने लिहिलं, आणि २०२४मध्ये ते गेले.

शेवटी फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये गेलो. माझ्या मते वसईत एकच जागा बघायला वेळ असेल तर ही बघावी. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यावर पोर्तुगीज लेख, घराण्यांची चिन्हं, काही अक्षरं पायांनी गुळगुळीत झालेली. मावशी वाकून एकेक शिळा वाचत होत्या. एका ठिकाणी त्यांच्या गावात सर्रास आढळणारं आडनाव लागलं. मी म्हणालो, “मावशी, तुमचे पूर्वज निघाले!”

त्या सरळ उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. “हे आमचे नाहीत, दादा. ह्यांचं नाव आम्हाला मिळालं. आमचे इथे पुरलेले नाहीत, आमच्यांनी हा दगड वाहिला.”

रोथेनबुर्गच्या तटात दगडांवर नावं आहेत. १९४५च्या मार्चमध्ये बाँबहल्ल्यात गावाचा आणि तटाचा काही भाग पडला, तेव्हा जगभरातल्या माणसांनी पैसे दिले आणि ज्याने जेवढ्या तटाचे दिले त्याचं नाव तिथे बसवलं. फ्रान्समधलं कार्कासोन हे गाव आपण मध्ययुगीन म्हणून बघतो, पण त्याची बरीचशी डागडुजी व्हिओले-ल्य-द्युक या वास्तुतज्ज्ञाने १८५३पासून करवली. बुरुजांवरच्या टोकदार टोप्या त्याच्या. वॉर्साचं जुनं शहर दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालं, ते जुनी चित्रं समोर ठेवून विटेवर वीट ठेवत पुन्हा बांधलं, आणि १९८०मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. युरोपातलं जुनेपण पुष्कळदा कालपरवा केलेलं असतं. त्यांना आपलं गाव हवं होतं, म्हणून त्यांनी ते केलं.

वसईचं पुन्हा छप्पर घालावं असं मी म्हणणार नाही. ती मोडकळच खरी आहे. पण पिंपळाची मुळी भिंतीत आहे तोवर काढावी लागते. भिंत पडल्यावर काढून उपयोग नाही. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण किल्ल्याला आहे. दुर्गप्रेमी तरुण रविवारी येऊन झाडझाडोरा, प्लॅस्टिक उचलतात. ‘कोल्डप्ले’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या २०१६मधल्या गाण्याच्या चित्रफितीत हे अवशेष जगाने पाहिले आणि लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी तर रांगेने येतात. आम्ही होतो तेव्हा एक नवरीमुलगी लांब गुलाबी झगा सावरत थडग्यांच्या शिळेवर उभी होती आणि छायाचित्रकार तिला आणखी मागे, आणखी मागे सांगत होता. जोडप्यांवर माझा राग नाही. जागा सुंदर आहे म्हणूनच ती येतात. भिंतींवर खिळ्याने नाव कोरणाऱ्यांवर मात्र आहे.

मावशींनी त्या मुलीला हाक मारली. “बाय, खाली माणूस आहे हो. जरा बाजूला उभी राहा, फोटो तिथूनही चांगला येईल.” मुलगी दचकून खाली बघू लागली, मग झगा गोळा करून बाजूला झाली. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली केला आणि विचारलं, कोण आहे इथे? मावशी पुन्हा वाकल्या आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत त्याला वाचून दाखवू लागल्या.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा किल्लाबंदरच्या कोळणी वलांडीवरचे बोंबील उतरवत होत्या. मावशींनी घासाघीस करून दोन जुड्या घेतल्या, झेंडा बाजारात सुकेळी घेतली. परतीच्या विरार-चर्चगेट गाडीला दादरपर्यंत बसायला मिळालं. बोंबलांच्या वासाने समोरच्या गृहस्थांनी नाक मुरडलं. मावशींनी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुलाखाली भरतीचं पाणी चढत होतं.